जकात्या कोणी बुजवला?

१

पिटहॅव्हनच्या पोलिसानं आजवर हरवलेल्या कोंबड्या शोधल्या होत्या, एकदा तर अख्खी होडी शोधून आणली होती. पण खड्डा चोरीला गेल्याची फिर्याद त्याच्याकडं कधी आली नव्हती. त्यानं ती लिहून घ्यायचं साफ नाकारलं.

"खड्डा न्यायचा म्हणजे साहेब, आणखी मोठा खड्डा खणावा लागतो," तो नगराध्यक्षांना म्हणाला. "तिथं तर सपाट गवत आहे म्हणता. मग तुमचं गेलं काय?"

गेला होता जकात्या. गोल्फच्या मैदानावर चौदाव्या होलच्या, म्हणजे चेंडू मारत जायच्या चौदाव्या टप्प्याच्या, ऐन मधोमध असलेला वाळूचा बंकर. वरून पाहिलं तर विहिरीच्या तोंडाएवढा, आत दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढा, पण खोल. शनिवारी संध्याकाळी तो होता. सोमवारी सकाळी नगराध्यक्ष मंगो पिटकेर्न चेंडू मारून पुढं गेले, तर जकात्याच्या जागी हिरवंगार गवत! त्यांना आधी वाटलं, आपणच रस्ता चुकलो. मग त्यांनी बुटाची टाच आपटून पाहिली. जमीन घट्ट होती.

हा जकात्या खणवला होता एनियस गिल्क्रिस्टनं. साठीला टेकलेला, उंच, तिरसट, एडिंबरोहून येणारा गोल्फची मैदानं आखणारा माणूस. पिटहॅव्हनचं मैदान म्हणजे समुद्रकाठचं जुनं माळरान. तिथं माणसं दोनशे वर्षं खेळत होती आणि चौदाव्या होलवर दोनशे वर्षं डोळे मिटून डावीकडून जात होती. उजवीकडं व्हिन नावाच्या काटेरी झुडपांचं रान होतं, त्यात शिरायची कुणाची प्राज्ञा नव्हती. गिल्क्रिस्टनं गेल्या वर्षी ते रान साफ करवलं आणि मधोमध जकात्या खणवला. आता जकात भरल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. डावीकडून गेलात तर जागा ऐसपैस, पण पुढची ग्रीन, म्हणजे भोकाभोवतालची गुळगुळीत हिरवळ, वाळूच्या टेकडीमागं दडलेली, फटका आंधळा. उजवीकडून, म्हणजे जकात्या आणि दगडी गडगा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून गेलात, तर ग्रीन समोर उघडी. मात्र चेंडू जरा वळला की गडग्यापलीकडं. "खेळणाऱ्याला वाट दाखवायची नाही, निवडायला लावायची," असं गिल्क्रिस्ट जिथं तिथं सांगत फिरे. आयुष्यात त्यानं पुष्कळ खड्डे खणवले होते, पण जकात्यावर त्याचा जीव होता.

येत्या शनिवारच्या सामन्याआधी मैदान नजरेखालून घालावं म्हणून तो दोनच दिवसांपूर्वी गावात आला होता, आणि सोमवारी सकाळी तो त्या सपाट गवतापाशी टोपी हातात घेऊन उभा होता.

"चोर तुम्हीच शोधायचा," पिटकेर्न म्हणाले. "खड्डे खणणाऱ्याला खड्डे बुजवणारा बरोबर सापडेल. तसा चोर आम्हाला ठाऊकच आहे म्हणा. बुधवारी क्लबची कमिटी बसते, त्यात त्याला घालवायचा. तुम्ही फक्त पुरावा द्या."

"कोण?"

"कोण म्हणजे? अशा लाद्या या गावात दुसऱ्या कुणाला बसवता येतात?"

गिल्क्रिस्टनं खाली पाहिलं. हिरवळीच्या लाद्या खरोखरच सुरेख बसवल्या होत्या. सांधे सरळ, कडा घट्ट, वरून पाणी शिंपडलेलं. गावात एवढा सराईत हात एकाचाच होता: मैदानाचा माळी वॉटी रेनी.

२

वॉटी गडग्याच्या आडोशाला बसून भाकरीचा तुकडा चघळत होता. साठीचा, चर्चचा पंच, बोलणं मोजकं आणि सगळं खवचट.

"आलात? मला वाटलं बेडी घेऊन याल."

"तू बुजवलास का, वॉटी?"

"मला तो कधीच आवडला नाही. पोटात मूल नसताना डोहाळे पुरवावेत तशी त्या खड्ड्याची निगा राखावी लागायची. वारा आला की वाळू बाहेर, पाऊस आला की पाणी आत. तुमच्या तोंडावर सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस. पण बुजवलास का?"

"नाही."

एवढंच. पुढं शपथ नाही, गयावया नाही. गिल्क्रिस्टला हे उत्तर आवडलं, पण नुसत्या आवडीनं कमिटीचं समाधान होणार नव्हतं.

"शनिवारी रात्री, रविवारी रात्री कुठं होतास?"

"बायकोजवळ, जेसीजवळ. ती वर्षभर अंथरुणाला खिळलीय. साक्षीला तीच, आणि तिला निम्म्या वेळा मी तिचा बाप वाटतो." वॉटीनं भाकरी फडक्यात गुंडाळली. "साहेब, नोकरी गेली तर गेली. पण घर क्लबचं आहे. तिला आता या वयात कुठं नेऊ? तिला त्या खिडकीशिवाय काही ओळखू येत नाही."

हे बोलताना त्याचा आवाज बदलला नाही, म्हणून गिल्क्रिस्टला ते जास्तच लागलं. आपल्या एका खड्ड्यापायी एक म्हातारं जोडपं उघड्यावर येणार, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरेना.

मग तो नगराध्यक्षांकडं गेला. पिटकेर्न यांचा दोरखंडांचा कारखाना होता, आणि वसंतातल्या पदकाच्या सामन्यात त्यांनी जकात्यात इतका वेळ काढला होता, की मागच्या लोकांनी तिथं बसून डबे उघडले होते. तेव्हा ते सगळ्यांसमोर ओरडले होते, "एक दिवस याला गाडून टाकीन!"

"म्हणालो होतो!" पिटकेर्न लाल झाले. "माणूस रागात बायकोलाही काय काय म्हणतो! आणि अहो गिल्क्रिस्ट, मी लाद्या बसवणार? मला घरात चित्र टांगता येत नाही. खिळा एकीकडं, बोट दुसरीकडं."

त्यांच्या अंगठ्याला खरंच पट्टी होती.

"शत्रू हवाय ना तुम्हाला? एफी टॉशला विचारा," ते म्हणाले. "आमचे टेबलक्लॉथ धुते ती. तुम्ही व्हिन तोडलंत तेव्हापासून ती आमच्या नावानं बोटं मोडते. तिच्या आजीपासून या गावच्या बायका त्या झुडपांवर चादरी वाळत घालायच्या. झुडपं गेली तरी ही बया रोज एक चादर तिथंच, जमिनीवर, ऐन उजव्या पट्टीत पसरायची! आणि कपड्यांना पाय लावायचा नाही, चेंडू कपड्यावर पडला तर हातानं उचलून बाजूला ठेवायचा, ही आमची जुनी रीत. म्हणजे सामना चाललाय आणि मध्ये हिची चादर! शेवटी गेल्या आठवड्यात ठराव करून बंदी घातली. आली होती कमिटीपुढं. नुसती उभी राहिली आणि गेली."

गिल्क्रिस्टला ती चादर आठवली. एप्रिलमध्ये तो काम बघायला आला, तेव्हा समुद्रावरून असं दाट धुकं आलं होतं की स्वतःचे बूट दिसत नव्हते. त्या ओल्याचिंब धुक्यात ती चादर जमिनीवर पसरलेली होती. तेव्हा तो हसला होता. आता मात्र एक प्रश्न त्याच्या डोक्यात टोचू लागला.

धुक्यात चादरी कोण वाळत घालतं?

३

मंगळवारी सकाळी तो पुन्हा त्या जागेवर गेला, आणि गुडघे टेकून बसला. लोक लांबून बघत होते. कुणीतरी म्हणालंही, "म्हातारा खड्ड्याच्या नावानं प्रार्थना करतोय."

त्यानं एक लादी नखानं उचलून पाहिली. मैदानावरचं गवत बारीक, केसासारखं. वॉटी रोपं वाढवायच्या वाफ्यातही तेच लावी; दुसरं काही उगवलं की उपटून टाकी. पण या लाद्यांमध्ये जागोजागी क्लोव्हरची तीन-तीन पानं डोकावत होती. क्लोव्हर असं मैदानावर येत नाही. ते येतं सांडपाण्यावर पोसलेल्या जमिनीत. म्हणजे परसात. आणि गावात ज्या परसात सकाळपासून संध्याकाळपर्यंत साबणाचं पाणी ओतलं जातं, ते परस एकच होतं.

पण कपडे धुणाऱ्या बाईला असे सांधे कुठून येणार? हे कोडं मात्र लगेच सुटलं. महायुद्धात गावातले पुरुष फ्रान्समध्ये आणि समुद्रावर होते, तेव्हा हे मैदान चार वर्षं गावच्या बायकांनी राखलं होतं. पुरुष परत आले, बायका घरी गेल्या, आणि सगळेजण ते विसरून गेले. गिल्क्रिस्टसुद्धा विसरला होता.

दुसरी गोष्ट वेळेची. सगळं गाव दोन रात्रींचा हिशेब मागत होतं. पण कंदिलाच्या उजेडात इतके सरळ सांधे बसत नाहीत, आणि माळरानावर कंदील हलला असता तर बंदरातून दिसला असता. हे काम दिवसाउजेडी झालं होतं. पण कधी? पिटहॅव्हनमध्ये दिवसाउजेडी माळरान ओस असतं ते फक्त रविवारी. रविवारी खेळ नाही, काम नाही, शीळसुद्धा घालायची नाही. सकाळ-दुपार सगळं गाव चर्चच्या बाकांवर, आणि इथला पाद्री प्रवचनाला उभा राहिला की लवकर बसत नाही. देवाच्या दिवशी कुणी फावडं हातात घेईल ही कल्पनाच या माणसांना शिवली नव्हती. म्हणून ती रात्री धुंडाळत बसली. साप सोडून भुई धोपटणं चाललं होतं.

वॉटी रविवारी दानाचं ताट घेऊन चर्चच्या दारात उभा होता. पिटकेर्न पहिल्या बाकावर होते. आणि एफी टॉशनं युद्धानंतर चर्चची पायरी चढली नव्हती. तिचं पाद्र्याशी बिनसलंय, असं गाव म्हणे.

म्हणजे कोणी, केव्हा, कसं, सगळं जमलं. पण का? चादरीवर बंदी घातली म्हणून सूड? सूडच घ्यायचा तर ग्रीन उखडायची. बंकर बुजवून तिनं उलट नगराध्यक्षांचं भलंच केलं होतं.

तो टी-वर, पहिला फटका मारायच्या जागी, गेला आणि तिथून होलकडं पाहत राहिला. चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस तो. खड्डा खणताना तो कधी खड्ड्याचा विचार करत नसे; खड्ड्यामुळं माणसं कुठं वळतील याचा करी. मग आता उलटा विचार करायचा. जकात्या गेला, तर माणसं कुठून जातील? सरळ मधून. आणि कुठून जाणार नाहीत?

तो जवळजवळ धावतच उजव्या पट्टीकडं गेला.

गडग्यापाशी, खेळणाऱ्यांनी फटक्यानं उखडलेली हिरवळ सगळीकडं तशीच पडली होती. फक्त एका जागी प्रत्येक जखम बुजवली होती. नीट, हळुवार, परसातल्या हिरवळीच्या तुकड्यांनी. त्या एवढ्याच जागेत क्लोव्हर होतं. चहूबाजूंनी मैदानाचं बारीक गवत, आणि मध्ये क्लोव्हरचा एक लांबट तुकडा.

तो तुकडा पाळण्याएवढा होता.

४

एफी टॉश दारातच उभी होती, कोपरापर्यंत हात लाल झालेले. पस्तिशीची, बारीक, केस घट्ट बांधलेले. तिच्यामागं परसात धुण्याच्या टोपल्या दाटीवाटीनं मांडून ठेवल्या होत्या. खाली उघडी माती दिसत होती.

"टेबलक्लॉथ गुरुवारी मिळतील," ती म्हणाली.

"मी टेबलक्लॉथसाठी आलो नाही."

"मग आत या. दारात उभं राहून माझी आणखी शोभा नको."

आत वाफ होती. तिनं त्याला स्टूल दिलं आणि स्वतः इस्त्री हातात घेतली.

"रविवारी तू चर्चला नव्हतीस."

"कधीच नसते."

"एफी, मी त्या पट्टीत गेलो होतो. क्लोव्हर पाहिलं."

इस्त्री थांबली. खालचं कापड करपायला लागलं, तेव्हा त्यानंच उठून ती बाजूला ठेवली.

"कमिटीला सांगितलंत?"

"नाही."

"मी उद्या जाऊन सांगणारच होते. वॉटीवर येईल असं माझ्या मनातसुद्धा नव्हतं हो. मला वाटलं, नगराध्यक्षावर जाईल आणि लोक हसतील, संपेल." ती खाली बसली. "डेव्ही समुद्रातले सुरुंग काढायच्या बोटीवर होता. परत आला की लग्न. सगळं ठरलं होतं. बोट परत आली नाही. आणि मला चौथा महिना होता. शाल मोठी घेतली, कुणाला कळलं नाही. मैदानावर गवत कापायला आम्ही तिघीच असायचो. दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. बाळ रडलंच नाही, साहेब. मी पुष्कळ वाट पाहिली, पण रडलंच नाही."

गिल्क्रिस्टनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"चर्चच्या आवारात जागा मागायची तर सगळं सांगावं लागलं असतं. पंचांपुढं उभं राहायचं, मग फौजदार. लपवलं म्हणून तुरुंग. आई तेव्हा जिवंत होती. तिनं जीव दिला असता. म्हणून मी जागा शोधली. सगळं मैदान डोळ्यांपुढं आणलं. माणसं कुठं जातात, कुठं जात नाहीत. चौदाव्याला उजवीकडं काटे. तिथं कधी कुणाचा पाय पडत नाही. म्हटलं, इथं ठेवते, इथं कायम शांत राहील."

"आणि मग मी आलो," गिल्क्रिस्ट म्हणाला.

"आणि मग तुम्ही आलात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्याला स्वतःचं ते पेटंट वाक्य आठवलं, निवडायला लावायचं म्हणे! त्या काट्यांत काय आहे हे त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं. ब्रशच्या एका फटकाऱ्यानं नकाशावर हिरवा रंग दिला होता.

त्याचा मुलगा हेक्टर बेल्जियमच्या चिखलात नाहीसा झाला होता. थडगं नाही, क्रूस नाही. गिल्क्रिस्टची बायको शेवटपर्यंत एकच विचारत राहिली: तो नेमका कुठं आहे? मरतानाही तिला तेवढीच जागा हवी होती, आणि ती तिला कुणी देऊ शकलं नाही. इथं या बाईला जागा ठाऊक होती, आणि वर्षभर तिच्या डोळ्यांदेखत माणसं त्या जागेवर खिळ्यांचे बूट घालून उभी राहत होती आणि लोखंडी काठ्या मारत होती. चादर पसरायची तेवढी सोय होती, तीही ठरावानं काढून घेतली.

"उद्या कमिटीपुढं जाऊ नकोस," तो म्हणाला.

"मग वॉटीचं काय?"

"तू सांगितलंस की बुजवला, तर ते विचारतील, का? कारण कळलं की ते उकरतील एफी. फौजदार आणून, सगळ्या गावादेखत उकरतील."

तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले.

५

बुधवारी संध्याकाळी कमिटी बसली. क्लबच्या लांब टेबलापाशी नऊ माणसं, आणि दारापाशी टोपी हातात घेऊन वॉटी.

गिल्क्रिस्टला धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं होतं. काम रविवारी झालं हे सिद्ध केलं की वॉटी तत्काळ सुटणार. पण मग रविवारी चर्चला कोण नव्हतं, हा प्रश्न दुसऱ्याच क्षणी येणार, आणि गावात त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. गप्प बसावं तर वॉटीचं घर जाणार. डावीकडं आंधळा फटका, उजवीकडं गडगा. आपणच आखलेल्या होलवर तो स्वतः उभा होता.

मात्र रविवारी चर्चला न गेलेली माणसं एक नव्हे, दोन होती. दुसरा माणूस सर्दीचं निमित्त करून दिवसभर हॉटेलात बसला होता. मुलगा गेल्यापासून तोही चर्चला जात नसे.

"बोला," पिटकेर्न म्हणाले. "सापडला चोर?"

"सापडला. जकात्या मी बुजवला."

मग एकजण हसला, आणि गिल्क्रिस्टचा चेहरा पाहून थांबला.

"थट्टा नको गिल्क्रिस्ट."

"तो खड्डा चुकीचा होता. व्हिन तोडणं त्याहून चुकीचं. माझ्या हातून झालेलं सगळ्यात वाईट काम ते. मला ते बघवेना, म्हणून बुजवला. कबूल करायची लाज वाटली, त्यात तुमचे तीन दिवस घालवले. वॉटीचा काही संबंध नाही."

"कधी बुजवला?"

"रविवारी. तुम्ही प्रवचनाला होतात तेव्हा."

आता मात्र टेबल हादरलं. खड्ड्याचं कुणाला काही राहिलं नाही. रविवारी! फावडं घेऊन! देवाच्या दिवशी! एक म्हातारे सभासद तर खुर्ची मागं सरकवून उभेच राहिले.

पिटकेर्न डोळे बारीक करून बघत होते. दोरखंड विकणारा माणूस, पीळ ओळखायचा. "तुमचे हात तर लोण्यासारखे आहेत. आणि लाद्या आणल्या कुठून?"

लाद्या कुठून आल्या म्हणायचं, हे गिल्क्रिस्टनं ठरवलंच नव्हतं. एवढा विचार करून तो नेमका इथंच अडकला.

"माझ्या वाफ्यातून," दारातून आवाज आला. वॉटी टोपीकडं बघत बोलत होता. "मागच्या बाजूच्या गेल्यात. मला वाटलं सशांनी उकरलं. आणि बसवल्यात म्हणाल तर, ठीक बसवल्यात. शिकाऊ हात आहे." तो चर्चचा पंच होता, आणि आयुष्यात कधी खोटं बोललेला नव्हता, म्हणून कुणी पुढं विचारलं नाही. त्यानं गिल्क्रिस्टकडं एकदा पाहिलं. क्लोव्हर त्यानंही पाहिलं असणार. त्यानं किती ओळखलं होतं, हे गिल्क्रिस्टला कधीच कळलं नाही.

निकाल झाला. वॉटी मोकळा. जकात्या बुजलेलाच ठेवावा, असा ठराव स्वतः नगराध्यक्षांनी मांडला, आणि तो मांडताना त्यांना आनंद लपवता आला नाही. उजव्या पट्टीत गिल्क्रिस्टनं स्वखर्चानं पुन्हा व्हिन लावावं. आणि पर्थशरमधल्या नव्या मैदानासाठी पिटकेर्न त्याची शिफारस करणार होते, ती रद्द.

"देवाचा दिवस मोडणाऱ्यासाठी मी शब्द टाकणार नाही," ते म्हणाले. "आणि हे मी जिथं तिथं सांगणार."

"सांगा," गिल्क्रिस्ट म्हणाला. "फक्त एक राहिलं. चौदाव्याचं नाव 'जकात' आहे. जकात्याच गेला, आता नाव बदलावं लागेल."

"ते आम्ही बघू."

"नाही. होल जो बदलतो, तो नाव ठेवतो. ही तुमची रीत आहे, माझी नव्हे."

पिटकेर्न फणकारले. पण रीत म्हणजे रीत. त्यापुढं या गावात नगराध्यक्षाचंही चालत नसे. "ठेवा काय ठेवायचं ते. शुक्रवारी सामन्याची कार्डं छापायला जाणार आहेत."

गुरुवारी सकाळी तो एफीकडं गेला. सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिनं आभार मानले नाहीत, आणि त्यानं तशी वाटही पाहिली नाही.

"मला एक नाव हवंय," तो म्हणाला. "तू ठेवलं होतंस?"

"बाप्तिस्मा झाला नाही तर नाव कसलं?" मग हात पुसत ती म्हणाली, "मुलगी होती. आमच्यात पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव देतात. माझी आई मिरन."

६

गिल्क्रिस्टला त्यानंतर मोठं काम मिळालं नाही. रविवारी फावडं धरणारा म्हातारा म्हणून त्याची ख्याती झाली, आणि दोन क्लबांनी दिलेला शब्द मागं घेतला. चौदाव्याला त्यानं दिलेलं 'मिरन' हे कुणा जुन्या प्रेयसीचं नाव, असंही पिटहॅव्हनमध्ये बोललं गेलं. त्यानं कधी नाही म्हटलं नाही.

पुढच्या मे महिन्यात तो रोपं बघायला आला. व्हिन गुडघ्याएवढं झालं होतं. पण काटे आताच चांगले टोचरे होते, आणि मधला रस्ता मोकळा असताना त्या बाजूला जायचं कुणाला कारण नव्हतं. एफी गडग्यापलीकडं दोरीवर चादरी टाकत होती. तो तिथं थांबला.

"तुम्ही ऐकलंत का, लोक काय काय बोलतात ते?" तिनं विचारलं.

"माझ्याबद्दल? पुष्कळ ऐकलं."

"तुमच्याबद्दल नव्हे." तिनं चादरीची सुरकुती झटकली. "रोज इथून जातात ना. 'मिरनपाशी वारा फिरतो', 'मिरनला जपून घ्यायला हवं'. वॉटी तर कुणी ढेकूळ उखडलं की ओरडतो, 'मिरनला दुखवू नका रे!' आणि काल पिटकेर्नसाहेब हसत हसत आले, म्हणाले, 'मिरन आज फार गोड वागली माझ्याशी.'"

तिचा आवाज तिथं फुटला. तिनं चिमटा दातांत धरला, मग काढला.

"जन्मल्यापासून तिचं कौतुक केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं हो," ती म्हणाली, आणि रिकामी टोपली उचलून घराकडं गेली.